पळणारा क्राऊन, ओढणारा क्राऊन

आमच्या गाडीचा गिअरबॉक्स घोरायचा. ट्रक दारात उभा, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, आणि खालून आपलं घर्र घर्र घर्र. शेजारची सगुणाबाई कुंपणावरून विचारायची, "मालनताई, तुमच्या गाडीच्या पोटात जनावर शिरलंय का हो?" मी म्हणायचे, "तुमच्या मालकापेक्षा बरं आहे, निदान डिझेल घातल्यावर कामाला तरी जातं." मग बाई आठवडाभर माझ्याशी बोलायची नाही. मला काय, मी दुसऱ्या दिवशी परत कढीपत्ता मागायला हजर.

गाडीच्या कपाळावर माझं नाव आहे. लाल अक्षरात, दोन्ही बाजूंना कमळं काढून, मालन. आमच्या नात्यात ट्रक घेतला की बायकोच्या नावावर घेतात, लाभतो म्हणे. कुणाला लाभला ते मात्र विचारू नका. माझं नाव पाटण्याला जाऊन आलं, गुवाहाटीला जाऊन आलं, आणि मी आपली आडगाव नाक्याच्या मागं ह्या दोन खोल्यांत. फार फार तर इगतपुरी, तिथं लेक दिलीय, निकिता, जावई रेल्वेत आहे. त्याच्या पुढं मी पाऊल टाकलेलं नाही.

आमचे हे म्हणजे झुंबर. मूळचे नामपूरचे, पण आयुष्य गेलं लांबच्या लाईनला. लासलगावचा कांदा भरायचा नाहीतर अंबडच्या कारखान्यातला माल, आणि सुटायचं थेट बिहारला. येताना मिळेल ते भाडं. मधे घरी एखादा दिवस, फार तर दोन. आणि त्या दोन दिवसांत हा माणूस झोपायचा कुठं, तर केबिनमध्ये! घरात गादी घातलेली, आणि नवरा दारातल्या ट्रकमध्ये पाय दुमडून. विचारलं तर म्हणाले, "ताडपत्री चोरतात गं." आमच्या गल्लीतून आजवर कुणाची चप्पल गेली नाही, ह्यांची ताडपत्री कोण मेला नेणार! पण मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. का विचारू? घातलेली गादी दिसत नव्हती का त्यांना?

तर ते घोरणं. गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही असं ह्यांना ठाम वाटायचं. पण सारखं कानावर पडतंय ते कळणार नाही का? गाडी नुसती उभी असली की घरघर. क्लच दाबला की ती गप, एकदम गप. मग गिअर पडायचा आणि गाडी हलायची. निघायच्या दिवशी हे स्टार्टर मारायचे, ब्रेकची हवा भरेपर्यंत गाडी घोरत उभी राहायची, आणि मी आत भाकरी फडक्यात बांधत असायचे, कान सगळे बाहेर. घरघर थांबली की पुडकं घेऊन दारात. ह्यांना वाटायचं, बाई बरोबर वेळेवर येते. पुडकं घ्यायचे, हात वर करायचे, गेले. आवाज थांबल्यापासून गाडी हलेपर्यंत जो एवढासा वेळ असायचा ना, त्याच्याइतका वाईट वेळ माझ्या आयुष्यात दुसरा नाही. 

फोनवरही तसंच. बोलायला हा माणूस आधीच चिक्कू. "कुठं आहात?" म्हटलं की "हाय रस्त्यात." पण त्यांच्या मागून गिअरबॉक्स सगळं सांगायचा. टॉप गिअरला असला की शांत, म्हणजे सपाट रस्ता. तिसऱ्यात पडला की कोकलायला लागायचा, म्हणजे घाट. निघाल्यावर पहिल्यांदा कोकलला की राहुडचा घाट, चांदवडच्या पुढचा. पुढं बऱ्याच वेळानं परत कोकलला की बिजासन, म्हणजे माणूस महाराष्ट्राबाहेर गेला. मी इथं मोरीत भांडी घासत स्वतःशीच म्हणायचे, बिजासन लागला बाई. हे मी कुणाला सांगितलं नाही, ह्यांना तर नाहीच. लोक हसले असते.

यंदा पावसाळा सरता सरता घरघरीची खणखण झाली. मग गाडी तिसऱ्यातून आपोआप सुटून न्यूट्रलला यायला लागली. ओझं घेऊन घाट उतरताना गिअर सुटला तर काय होतं, ते सांगायला ड्रायव्हरची बायको लागत नाही. ह्यांनी मुकाट्यानं गाडी नेऊन गोटीरामच्या गॅरेजला लावली. गोटीराम म्हणजे गिअरबॉक्सवाला, आमच्याकडून चालत जाण्यासारखं त्याचं गॅरेज. त्यानं खालून कान लावला आणि म्हणाला, खालच्या शाफ्टचं बेरिंग गेलंय, सगळं खोलावं लागेल, वेळ लागेल.

गाडी गॅरेजला म्हणजे केबिनही गॅरेजला. म्हणजे नवरा घरात! मला आतून इतका आनंद झाला म्हणून सांगू. दाखवला असेल तर शपथ. मी रताळ्याचा कीस केला, गादी उन्हात टाकली आणि बोलायला लागले ती बोलतच राहिले. हे पाणी प्यायला उठले आणि मोरीकडं गेले. माठ तिथून हलवून मला किती वर्षं झाली, ह्यांना पत्ता नाही. "अहो, तिकडं कुठं? इकडं!" पाणी प्याले, पेला खिडकीत ठेवला. "तिथं नका ठेवू, पाल असते." खाटेवर बसले. "थांबा, आत्ता चादर बदललीय, पाय पुसून बसा." शेवटी बिचारे बाहेर ओट्यावर जाऊन बसले, रस्त्याकडं बघत. बसल्या बसल्या डावा पाय दाबायचे, सोडायचे. बिनगाडीचा क्लच. माझ्या बोलण्यात राग असतो असं सगळे म्हणतात. असतोच. पण सगळाच राग नसतो, हे कुणाला कळावं तर निदान ह्यांना तरी कळावं की नाही?

तरी मला ते दिवस आवडले. दुपारी दोघांची ताटं वाढायची, संध्याकाळी चहाला दोन कप. एकदा हे म्हणाले, "चटणी ताजी असली की येगळीच लागती." बस, एवढंच. पण माझ्या मनानं घेतलं की आता हा माणूस घरी पाहिजे. माझ्या गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केलीय, ह्यांच्या मिशीत काळा केस शोधावा लागतो. लांबची लाईन सोडायची आणि जवळच्या जवळ गाडी चालवायची. नामपूर, लासलगाव, सापुतारा, गेला की दुसऱ्या दिवशी घरी. सगळे करतात. ह्यांना काय धाड भरलीय?

तेवढ्यात नामपूरला ह्यांचे चुलते वारले आणि हे दहाव्याला म्हणून गेले. मागं गोटीरामचा मला फोन. "वहिनी, जरा गॅरेजला येता का? झुंबरभाऊ म्हणाले, गाडी मालकिणीच्या नावावर हाय, मालकिणीलाच विचार."

मला वाटलं थट्टा करतोय. गेले. गाडी बघून जीव कसनुसा झाला. मागची चाकं काढलेली, माझ्या नावाचं तोंड तेवढं वर, बाकी सगळं पोट उघडं. गोटीरामनं फळीवर दोन मोठी दातेरी चाकं मांडली होती, प्रत्येकाशेजारी त्याची छोटी जोडीदारीण.

"हा क्राऊन," तो म्हणाला, "मागच्या चाकांना फिरवतो. तुमच्या जुन्याचे दात उडालेत. मोडीत निघालेल्या गाड्यांचे दोन चांगले मिळालेत, दोन्ही बसतील. आता हा बघा. ह्यात इंजिन थोडं फिरलं की चाक भरपूर फिरतं. हा पळणारा. सपाटीला एक नंबर, घाटात जरा रडवतो. आणि हा दुसरा, ह्यात इंजिन लय फिरतं तवा चाक थोडं फिरतं. हा ओढणारा. काय पण लादा, कुठला पण घाट चढंल. पण पळायचं नाव नको. टॉपला टाकली तरी रेंगाळंल आणि इंजिन नुसतं बोंबलंल."

मी दोघांकडं बघत उभी राहिले. मला बाजारात दोन साड्यांतली एक निवडायला अर्धा दिवस लागतो, पण इथं डोक्यात लख्खकन उजेड पडला.

"हा ओढणारा टाकला तर पाटण्याला कांदा नेता येईल?"

"नेता येईल, पण पोचेपर्यंत वास मारंल. व्यापारी देणारच नाय कांदा. ही घाटातली गाडी होईल वहिनी. तुमचं नामपूर, सापुतारा, वणीचा गड."

"मग हाच टाका."

गोटीराम डोकं खाजवायला लागला. "भाऊंना एकदा..."

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"मग? कपाळावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना? टाका."

तो हसला आणि मान डोलावली. पळणारा क्राऊन त्यानं पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात सरकवला. मी घरी आले ती गाणं गुणगुणत. निकिताला फोन लावला आणि म्हटलं, आता तुझे बाबा घरी राहणार, सुट्टीत पोरांना घेऊन ये.

हे नामपूरहून आले, गाडी आणायला गेले. गल्लीत ट्रक शिरला तो मला कळलाच नाही, इतका गप. नुसतं इंजिन. हे उतरले, हसत होते. "मालकीण, गाडीचा बैल करून टाकलास की!"

"मग, बैलासारखी गोठ्यात येईल संध्याकाळी," मी म्हटलं. माझ्या परीनं मी सगळं सांगून टाकलं होतं. ह्याहून उघड काय सांगायचं?

"बरं बरं," हे म्हणाले.

दोन दिवसांनी हे अंबडहून भरलेली गाडी घेऊन आले. ताडपत्री घट्ट बांधलेली. मी विचारलं, कुठलं भाडं. म्हणाले, "पाटणा. लोखंडी सामान हाय. कांदा सडतो, लोखंडाला काय होतंय? निवांत जाईन."

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कांदा नाही तर दुसरं काही, एवढं साधं मला सुचलं नाही! मला इतका राग आला! पाठ फिरवून भाकरी थापत बसले. सकाळी हे गाडीत चढले, स्टार्टर मारला. मी आत भाकरी बांधत होते, कान बाहेर. राग असला म्हणून काय, भाकरी तर द्यायची. इंजिन धडधडतंय, हवा भरतेय. मी घरघरीची वाट बघतेय, म्हणजे ती थांबायची वाट बघतेय, आणि घरघर आहे कुठं? बेरिंग नवं! चटणीची पुरचुंडी बांधून होते ना होते तोच इंजिनाचा आवाज लांब गेला. पुडकं घेऊन पळत दारात आले तर गाडी कोपऱ्यावर वळत होती. मागचा लाल दिवा दिसला तेवढाच.

मी ते पुडकं हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. सगुणाबाई म्हणाली, "विसरले वाटतं डबा?" मी म्हटलं, "तुम्हीच खा," आणि तिच्या हातात कोंबून आत गेले. तिनं खाल्लं पण, बया.

पुढचं काय सांगू. पूर्वी जेवढ्या दिवसांत हे पाटण्याहून परत यायचे, तेवढ्यात आता नुसते पोचले. फोन यायचा तर मागून इंजिन किंचाळत असायचं, सपाटीलाही तसंच, घाटातही तसंच. गिअरबॉक्स एक शब्द बोलायचा नाही. "कुठं आहात?" "हाय रस्त्यात." झालं! आता हा माणूस राहुडला आहे का रायबरेलीला, मला कसं कळावं? मी फोन कानाला घट्ट लावून बसायचे, काही ऐकू येतंय का बघायचे. नाही. भांडी घासताना म्हणायला सुद्धा काही उरलं नाही. घर आधी रिकामं होतं, पण निदान मला माहीत असायचं की ह्या वेळी माझा माणूस अमुक घाटात आहे. आता नुसतंच रिकामं. संध्याकाळी चहा टाकायचे आणि सवयीनं दोन कप काढायचे, मग एक परत फळीवर ठेवायचे. माझ्या ह्या हातांनी केलं होतं मी. मला नवरा घरी हवा होता, आणि मी त्याला रस्त्यावर जास्त दिवस ठेवायची सोय करून बसले होते. कुणावर ओरडणार?

गोटीरामवर ओरडले. दुसरं कोण होतं? तरातरा गॅरेजला गेले. "काय हो भाऊ, तुम्हाला अक्कल नाही का? बाईमाणसानं काहीही सांगितलं की टाकायचं?"

गोटीराम एका गाडीखाली झोपला होता, तसाच सरकत बाहेर आला. "वहिनी, मी म्हटलं होतं भाऊंना विचारू."

"म्हटलं होतं म्हणजे? जोरात म्हणायचं ना!"

त्यानं हात पुसले आणि कोपऱ्यातल्या पोत्याकडं बोट दाखवलं. "ठेवलाय तुमचा पळणारा. दोन गिऱ्हाइकं मागून गेली, दिला नाय. म्हटलं वहिनी येणार एकदा."

मला रडायलाच आलं तिथं, त्या काळ्या तेलात. त्या शहाण्यानं तोंड फिरवून पाना शोधल्याचं नाटक केलं. मी म्हटलं, "गाडी आली की बदलायचा. लवकर जाऊ द्या बाबा, पण लवकर येऊ द्या."

हे परत आले ते ओळखू येईनात. डोळे आत गेलेले, आणि कानाला दडे बसलेले. दिवसरात्र त्या किंचाळण्यात बसून दुसरं काय होणार? मी विचारलं, "आंघोळीला पाणी काढू?" तर म्हणाले, "नाय, लखनौला पाऊस नव्हता." हसावं का रडावं! मी गरम पाणी काढलं, पाठ घासून दिली, मऊ खिचडी घातली. जेवण झाल्यावर हे ओट्यावर बसले तेव्हा मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "गोटीरामनं तो पळणारा क्राऊन ठेवलाय. उद्या गाडी लावा. बदलून घ्या. माझं चुकलं."

माझं चुकलं, हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारले असतील. ह्यांचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच.

"राहू दे की," म्हणाले. "उद्या परत अंबडचा माल भरायचाय. आणि हळू हाय तेच बरं वाटतंय मला. घाई कुणाला हाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय, इथं तुझं सगळं नीट चाललंय. मी आलो की तुझी अडचण. पेला कुठं ठेवू, बसू कुठं, मला काय पण कळत नाय घरातलं. केबिनमधी बरं असतं." कुठलाच राग नव्हता बोलण्यात, पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलत होते. मग म्हणाले, "मागल्या टायमाला तू बाहेर पण आली नाहीस. म्हटलं, आपण गेल्यावर हिला मोकळं वाटत असंल."

   मी उठून आत आले. माठ ह्या कोपऱ्यात, माझ्या हाताशी. खुंटीवर एक टॉवेल, माझा. ह्यांचा सदरा ठेवायला त्या घरात एक खुंटी नव्हती, तो खुर्चीवर असायचा आणि मी तो रोज उचलून ओरडायचे. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस मला टाकून जातो. आणि तो तिकडं समजत होता की त्याला इथं जागाच नाही. ह्या दोन खोल्यांत बसून मी केवढी वाट बघितली, आणि ती ज्याची बघितली त्याला एकदाही सांगितलं नाही! पुन्हा म्हणायचं, त्याला कळायला नको का? कसं कळणार? पेला तिथं ठेवू नका, ह्यातून?

दुसऱ्या दिवशी माल भरून झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन वर आल्यावर, हे निघाले. ह्या खेपेला मी आवाजाच्या भरवशावर बसलेच नाही. भाकरी आधीच बांधली आणि इंजिन सुरू व्हायच्या आत दारात जाऊन उभी राहिले. हे वर चढले, स्टार्टर मारला, धडधड सुरू झाली. मी चाकाजवळ गेले आणि पुडकं वर दिलं. ह्यांनी घेतलं आणि हात वर केला.

"मला आहे!" मी म्हटलं.

"आं?"

"मला आहे घाई!"

"काय म्हणतीस? ऐकू येईना." कानाला हात लावून वाकले.

"घाई मला आहे म्हटलं!" मी इतक्या जोरात ओरडले की सगुणाबाई तोंडात ब्रश तसाच ठेवून कुंपणाला आली. समोरच्या घरातलं पोरगं खिडकीत. असू दे म्हटलं, बघा.

ह्यांनी इंजिन बंद केलं. गल्ली एकदम शांत झाली. आता ओरडायची गरज नव्हती, पण मला हळू बोलताच येईना.

"कशाची घाई?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही घरी यायची. वाट बघते मी."

हे स्टेअरिंगवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिले. "कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

मग मी थांबलेच नाही. गिअरबॉक्सची घरघर, क्लच दाबल्यापासून गाडी हलेपर्यंतचा तो एवढासा वेळ, फोनमधला तिसरा गिअर, राहुड, बिजासन, सगळं सांगितलं, तिथंच, चाकाला हात लावून. मागच्या खेपेला बाहेर का येता आलं नाही ते सांगितलं. म्हटलं, "त्या मेल्या गोटीरामनं गाडीला मुकी केली. आता तुम्ही कुठं आहात ते मला कळत नाही. मला काहीच कळत नाही." पदर डोळ्याला लावला आणि आणखी राग आला, कारण सगुणाबाई पण रडत होती.

 ह्यांना बोलायची सवय कुठं आहे? नुसतं "हां" म्हणाले. मग वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढासा, ब्रेकची हवा बघावी तसा. माल भरलेला होता, पोचवणं भाग होतं. इंजिन सुरू झालं, गाडी हलली, मी कोपऱ्यापर्यंत बघत राहिले.

आत आले. घर तसंच होतं. हातोडी काढली आणि दाराजवळ भिंतीत एक खुंटी ठोकली, जरा वाकडीच बसली. माठ उचलून परत जुन्या जागी, मोरीकडं नेला. मग करायला काही राहिलं नाही, म्हणून तांदूळ निवडत बसले. तांदळात खडा एक नव्हता.

दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात फोन वाजला. मागून इंजिन किंचाळत होतं.

"कुठं आहात?" मी सवयीनं विचारलं.

आता "हाय रस्त्यात" येणार म्हणून मी थांबले. पलीकडून आधी खाकरल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "चांदवड गेलं. टॉपला हाय." थोडा वेळ नुसतं इंजिन. "आता राहुडचा घाट लागतोय. चौथा टाकला." परत इंजिन. "तिसऱ्यात हाय आता. ऐकतीस ना?"

"हं."

"पुढं एक टँकर रेंगाळतोय. दुसरा टाकला." मग घाट उतरेपर्यंत काही नाही, मी पण काही नाही. ताटातली भाजी निवत होती. "तिसरा," हे म्हणाले. "चौथा. आता सपाटी." आणि मग, जसं काही त्याचाच पुढचा गिअर असावा तसं, "गोटीरामला सांग, तो पळणारा क्राऊन कुणाला देऊ नको म्हणावं. आलो की बसवू."

"सांगते," मी म्हटलं. "बोलू नका आता, रस्त्याकडं बघा."

फोन मात्र त्यांनीही ठेवला नाही आणि मीही.